सही करण्यापूर्वी हे इंग्रजी शब्द पाहून घ्या

इंग्रजी शब्दांच्या गोंधळाबद्दल वाचक लिहितात तेव्हा सुरुवात बहुधा स्पेलिंगने होते. 'स्टेशनरी'मध्ये ए की ई? 'अ‍ॅडव्हाइस'मध्ये सी की एस? पत्र पुढे वाचत गेलं की खरं दुखणं समोर येतं. साक्षीदार म्हणून सही केली असं वाटत होतं, वसुलीची नोटीस मात्र जामीनदार म्हणून आली. नॉमिनी लावला म्हणून निर्धास्त राहिलो आणि वडिलांच्या मागे भावंडांत वाद लागला. रिपोर्टमध्ये 'निगेटिव्ह' वाचलं आणि रात्रभर घरात कुणाचा डोळा लागला नाही. असं लिहिणाऱ्यांत पदवीधर असतात, शिक्षक असतात, निवृत्त अधिकारीही असतात. हे शब्द शाळेच्या पुस्तकात येत नाहीत, आले तरी दुसऱ्याच अर्थाने येतात. त्यामुळे ते न कळण्यात शरमेचं काही नाही.

माझं सांगणं एवढंच आहे, की सगळं इंग्रजी एकदम सुधारायच्या मागे लागू नका. ज्या शब्दांत तुमचा पैसा, घर किंवा तब्येत अडकते ते आधी पक्के करा. 'स्टेशनरी' थोडी थांबू शकते. पुढचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

गोंधळ कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

- कानाला एक, कागदावर दोन. 'प्रिन्सिपल' म्हणजे मुद्दल (शेवट ए-एल) आणि 'प्रिन्सिपल' म्हणजे तत्त्व (शेवट एल-ई). देवनागरीत दोन्ही सारखेच लिहिले जातात, म्हणून फरक नजरेला पडत नाही.
- मराठीत एक, इंग्रजीत दोन. आपण पैसे उसने देतो आणि उसनेच घेतो. इंग्रजीत देणं 'लेंड' आणि घेणं 'बॉरो'. 'पर्यंत'चंही तसंच आहे, त्याकडे पुढे येऊ.
- एकच शब्द, अर्थ भलतेच. कर्ज 'सँक्शन' होतं तेव्हा ते मंजूर होतं, आणि एखाद्या देशावर 'सँक्शन' लागतात तेव्हा निर्बंध येतात.

यातली तिसरी जात सर्वांत महागात पडते. अनोळखी शब्द दिसला की माणूस विचारतो. ओळखीचा वाटला की विचारत नाही, सही करून मोकळा होतो.

कर्जाचा अर्ज: तुमची सही कोणत्या रेघेवर आहे?

पतसंस्थेच्या किंवा बँकेच्या कर्जप्रकरणाचं शेवटचं पान समोर घ्या. छपाई बारीक असते, खाली तीन-चार रेघा, प्रत्येक रेघेच्या शेवटी पेन्सिलने केलेली फुली. समोरचा कर्मचारी फुलीवर बोट ठेवून म्हणतो, "इथे, इथे आणि मागच्या पानावर." फुलीच्या खाली काय छापलंय ते आधी वाचा:

- अ‍ॅप्लिकंट किंवा बॉरोअर: कर्ज घेणारा.
- को-अ‍ॅप्लिकंट किंवा को-बॉरोअर: सहकर्जदार. पैसे प्रत्यक्ष हातात पडोत न पडोत, फेडीची जबाबदारी पहिल्याइतकीच.
- गॅरंटर किंवा शुअरटी: जामीनदार.
- विटनेस: साक्षीदार. 'ही सही माझ्यासमोर झाली' एवढंच तो सांगतो. कर्जाशी त्याचा पैशाचा संबंध नाही.

जामीनदाराबद्दल एक समज गावोगाव घट्ट बसलेला आहे: कर्जदाराकडून वसूल झालं नाही, तरच आपल्याकडे येतील. भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम १२८ तसं म्हणत नाही. करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि कर्जदाराला आधी पूर्ण पिळून काढण्याचं बंधन संस्थेवर नसतं. ती थेट तुमच्याकडे येऊ शकते.

त्याच पानावर बहुधा 'जॉइंटली अँड सेव्हरली' असा शब्दप्रयोग असतो. 'सेव्हरल' म्हणजे 'अनेक' हे आपण शाळेत शिकलो. इथे त्याचा अर्थ 'प्रत्येक जण वेगवेगळा' असा आहे. चार जणांनी सह्या केल्या म्हणजे बोजा चार ठिकाणी वाटला गेला, असं होत नाही. चारांपैकी कुणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागता येते. सहकारी संस्थेत, नोकरीच्या ठिकाणी, भावकीत एकमेकांना जामीन राहण्याची आपल्याकडे रीत आहे आणि ती मोडा असं मी म्हणत नाही. मात्र ही ओळ वाचून, रकमेचा आकडा पाहून, 'वेळ आली तर एवढे मी भरू शकेन का' हे घरात बोलूनच राहा.

सही करताना एवढं पाळा:

1. नावापुढे आपली भूमिका स्वतःच्या अक्षरात लिहा. साक्षीदार असाल तर मराठीत 'साक्षीदार' लिहा.
2. रिकाम्या जागा असलेल्या कागदावर सही करू नका. रकमेची जागा कोरी असेल तर ती आधी भरून घ्या.
3. 'फक्त ओळखीसाठी हवी' असं कुणी म्हटलं, तर ओळख देणाऱ्याची रेघ वेगळी असते ती दाखवायला सांगा.
4. सही केलेल्या प्रत्येक पानाची प्रत मागा.

कर्जात आणखी एक जोडी पाहाच: सँक्शन्ड आणि डिस्बर्स्ड. पहिल्याचा अर्थ मंजूर, दुसऱ्याचा अर्थ प्रत्यक्ष हाती दिलेलं. व्याज दुसऱ्या तारखेपासून लागायला हवं. काही संस्था मंजुरीच्या किंवा करार झाल्याच्या तारखेपासून व्याज लावत असल्याचं रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत आढळलं. मग २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात तिने कर्जसंस्थांना ही पद्धत तपासून दुरुस्त करायला सांगितलं. तुमच्या खात्याचा उतारा काढा आणि पहिलं व्याज कोणत्या तारखेपासून धरलंय ते पाहा. पैसे तुमच्या किंवा बिल्डरच्या खात्यात नंतर गेले असतील, तर मधल्या दिवसांचं व्याज लेखी मागा.

हप्त्याव्यतिरिक्त जादा रक्कम भरताना अर्जावर 'मुद्दलात जमा करावी' असं स्पष्ट लिहा. नाहीतर ती पुढच्या हप्त्यांपोटी आगाऊ धरली जाण्याची शक्यता राहते, आणि मग व्याजात म्हणावी तशी बचत होत नाही.

खातं दोघांचं, पण चालवायचं कुणी?

संयुक्त खात्याच्या अर्जात एक चौकट असते. तिच्यात खूण करताना बहुतेक जण कर्मचाऱ्यावर सोडून देतात. ते सोडू नका.

- आयदर ऑर सर्व्हायव्हर: दोघांपैकी कुणीही एक, एकाच्या पश्चात दुसरा.
- फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर: ज्याचं नाव पहिलं आहे तोच; त्याच्या पश्चात दुसरा.
- जॉइंटली: प्रत्येक वेळी दोघांच्याही सह्या.

'फॉर्मर' म्हणजे 'माजी' हे आपल्याला वर्तमानपत्रातून माहीत असतं. इथे त्याचा अर्थ 'दोन नावांतलं पहिलं' असा आहे. त्याचा परिणाम पाहा. पतीचं नाव पहिलं, पत्नीचं दुसरं, चौकट 'फॉर्मर'ची. पती अतिदक्षता विभागात आहेत आणि रुग्णालय अनामत मागतंय. पत्नी पासबुक घेऊन बँकेत जाते, पण पहिलं नाव हयात असेपर्यंत तिच्या सहीला तिथे किंमत नाही. घरखर्चाचं खातं असेल तर माझा सल्ला 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'चाच राहील. मुदत ठेवीत मात्र एवढ्याने भागत नाही. मुदतीआधी ठेव मोडायची झाली, तर 'आयदर'वरसुद्धा दोघांच्या सह्या मागतात. एकट्याला मोडता यावी अशी लेखी परवानगी आधीच देऊन ठेवता येते. ठेव ठेवतानाच त्याबद्दल विचारा.

नॉमिनी आणि लीगल एअर हे दोन वेगळे आहेत. नॉमिनी म्हणजे ज्याच्या हाती पैसे दिले की बँक मोकळी होते तो. ते पैसे अखेर कुणाचे, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. शेअरच्या बाबतीतही नॉमिनी आपोआप मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. मोठ्या मुलाला नॉमिनी केलं म्हणजे धाकट्या मुलीचा हिस्सा संपला, असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. तुमची इच्छा वेगळी असेल तर मृत्युपत्र करा, नुसत्या नामांकनावर विसंबू नका.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, आणि त्याबरोबर शब्दांची नवी जोडी आली आहे. सायमल्टेनियस म्हणजे सगळ्यांना एकाच वेळी, ठरलेल्या टक्क्यांत. सक्सेसिव्ह म्हणजे एकामागून एक. पहिला नॉमिनी हयात नसेल तर दुसरा. दोन मुलांना सारखं द्यायच्या इच्छेने 'सक्सेसिव्ह'वर खूण केली, तर सगळी रक्कम पहिल्याच्या हाती जाईल. लॉकरसाठी फक्त दुसराच पर्याय आहे.

भाड्याचं घर: 'लीव्ह' म्हणजे सोडणं नव्हे

पुण्या-मुंबईत घर भाड्याने घेताना जो करार होतो तो 'लीव्ह अँड लायसन्स'चा. 'लीव्ह' म्हणजे घर सोडणं किंवा रजा, असं समजून विचारणारे वाचक मला दर महिन्याला भेटतात. इथे त्या शब्दाचा अर्थ 'परवानगी' असा आहे. पूर्ण प्रयोगाचा अर्थ: ठरावीक काळ राहण्याची, वापरण्याची मुभा.

लीज म्हणजे भाडेपट्टा. त्यात जागेवर तुमचा एक हक्क निर्माण होतो. लायसन्समध्ये तो होत नाही. घर तुमच्या वापरात, पण हक्क मालकाचाच. म्हणूनच घरमालकांना लायसन्स सोयीचं वाटतं. मुदत संपल्यावर घर रिकामं केलं नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार दुप्पट दराने भरपाई लागू शकते. मुदतीची शेवटची तारीख म्हणूनच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवण्यासारखी आहे.

दुसरी फसवी जोडी नोटराइज्ड आणि रजिस्टर्ड. नोटरीचा शिक्का आणि दुय्यम निबंधकाकडची नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'अकरा महिन्यांचाच करार आहे, नोंदणी लागत नाही, नोटरी पुरे' हे वाक्य दलालांच्या तोंडी सर्रास असतं. महाराष्ट्रात ते चूक आहे. त्याच अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसताना वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. नोंदणी ऑनलाइन होते. खर्च कुणी करायचा हे आधीच बोलून घ्या.

करार वाचताना:

- लायसन्सॉर घर देणारा, लायसन्सी राहणारा. शेवटी 'ऑर' असलेला देणारा, 'ई' असलेला घेणारा; 'लेसॉर' आणि 'लेसी'लाही हेच लागू. मॉर्गेजॉर मात्र अनेकांना चकवतो: घर गहाण देता ते तुम्ही, म्हणून मॉर्गेजॉर तुम्ही आणि मॉर्गेजी बँक.
- लॉक-इन पिरियड म्हणजे ज्या काळात करार मोडताच येत नाही. नोटीस पिरियड म्हणजे मोडायचा असल्यास किती दिवस आधी कळवायचं. सहा महिन्यांचं लॉक-इन असेल तर दुसऱ्या महिन्यात नोटीस देऊन निघता येणार नाही, उरलेलं भाडं मागितलं जाईल.
- अनामत रिफंडेबल आहे की शेवटच्या भाड्यात अ‍ॅडजस्टेबल, हे लिहून घ्या. रंगरंगोटीचे पैसे कापणार असतील तर आकड्यासह.

दवाखान्यातून आलेला कागद

सोनोग्राफी किंवा एमआरआयच्या अहवालात 'अनरिमार्केबल' लिहिलेलं दिसलं की लोक घाबरतात. हा शब्द दिसला तर आनंद माना. त्या अवयवात नोंद घेण्यासारखं, म्हणजे बिघडलेलं, काही आढळलं नाही असा त्याचा अर्थ. तसंच 'निगेटिव्ह'चं: जे शोधत होतो ते सापडलं नाही. रोगाच्या तपासणीत हे चांगलं. (रक्तगटातला निगेटिव्ह वेगळा, त्याचा आजाराशी संबंध नाही.)

या जोड्या तरी घरातल्या एका माणसाला पाठ असू द्या:

- हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी. 'हायपोग्लायसेमिया'त साखर उतरलेली असते आणि तातडीने साखर द्यावी लागते. 'हायपर'मध्ये ती चढलेली असते. थायरॉइडचं आणि रक्तदाबाचंही असंच. फोनवर सांगताना 'हायपो' न म्हणता 'कमी' आणि 'जास्त' असं मराठीत सांगा. एका अक्षराच्या फरकाने उलटा उपचार होऊ शकतो.
- अ‍ॅक्यूट म्हणजे अचानक उद्भवलेलं, क्रॉनिक म्हणजे दीर्घकाळ चाललेलं. क्रॉनिक म्हणजे गंभीरच, असं नाही.
- बिनाइन म्हणजे कर्करोगाची नसलेली गाठ, मॅलिग्नंट म्हणजे कर्करोगाची.
- स्टेबल म्हणजे प्रकृती आहे तशी आहे, वरखाली होत नाही. धोका टळला असा त्याचा अर्थ नसतो. 'क्रिटिकल बट स्टेबल' ऐकून नातेवाईक निश्चिंत घरी जातात. तसं न करता डॉक्टरांना सरळ विचारा: धोका टळला आहे का?

चिठ्ठीवरच्या 'ओडी'चा अर्थ आपल्याकडे दिवसातून एकदा, 'बीडी' दोनदा, 'टीडीएस' तीनदा आणि 'एसओएस' म्हणजे गरज भासली तरच. डोळ्यांच्या कागदावर मात्र 'ओडी' म्हणजे उजवा डोळा. औषधाचं नाव शक्यतो मोठ्या छापील अक्षरात, वाचता येईल असं लिहावं, असं वैद्यकीय आचारसंहितेतच म्हटलं आहे. अक्षर लागत नसेल तर औषध दुकानदाराच्या अंदाजावर सोडू नका, चिठ्ठी परत डॉक्टरांकडे न्या. त्यात कुणाचा अपमान होत नाही.

दुकानात

गॅरंटीत वस्तू बदलून मिळते आणि वॉरंटीत दुरुस्त करून, असा बाजाराचा ढोबळ अर्थ. कार्डावर मात्र काय छापलंय तेच चालतं, म्हणून 'रिपेअर' लिहिलंय की 'रिप्लेस' ते पैसे देण्याआधी पाहा. बेस्ट बिफोर म्हणजे त्या तारखेपर्यंत चव आणि दर्जा उत्तम राहील. यूज बाय किंवा एक्स्पायरी म्हणजे त्यानंतर खाऊच नये. बिस्किटाचा पुडा आणि दुधाची पिशवी यांना एकच नियम लावू नका. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. आणि खटला भरायची वेळ आली, तर आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे जाता येतं. कंपनीचं मुख्य कार्यालय दिल्लीत असलं तरी दिल्ली गाठावी लागत नाही.

मुलांकडे परदेशी जाताना

अमेरिकेला जाणाऱ्या आईवडिलांच्या हातात दहा वर्षांचा व्हिसा असतो. त्यावरची एक्स्पायरी म्हणजे त्या तारखेपर्यंत देशाच्या दारात जाऊन प्रवेश मागता येईल. प्रवेश मिळाल्यावर किती दिवस राहायचं, ते 'आय-९४' या नोंदीतली तारीख ठरवते. पर्यटक म्हणून ती बहुधा सहा महिन्यांची असते. व्हिसा दहा वर्षांचा आहे म्हणून सातव्या महिन्यात निवांत राहिलात, तर मुदत उलटून राहिल्याची नोंद होते आणि पुढचा प्रवास अडचणीत येऊ शकतो. विमानतळावरून घरी पोहोचलात की पहिल्याच आठवड्यात ती नोंद ऑनलाइन काढून तारीख पाहा.

तिकडे बोलताना, लिहितानाही तीन गोष्टी सांभाळा. 'मी दोन हजार चारला पास्ड आउट झालो' असं म्हटलं तर समोरचा 'बेशुद्ध पडलो' असं ऐकेल, 'ग्रॅज्युएटेड' म्हणा. तारीख लिहिताना महिना अक्षरांत लिहा, कारण ०४/०५ हा आपल्याकडे चार मे आणि अमेरिकेत पाच एप्रिल. 'फर्स्ट फ्लोअर' आपला पहिला मजला, अमेरिकेत तो तळमजला.

पत्र आणि ईमेल

'शुक्रवारपर्यंत अहवाल देतो' आणि 'शुक्रवारपर्यंत सुट्टीवर आहे' या दोन्ही वाक्यांत आपण 'पर्यंत' म्हणतो. म्हणून हात आपोआप दोन्हीकडे 'टिल' लिहितो. 'आय विल सबमिट द रिपोर्ट टिल फ्रायडे' याचा सूर 'शुक्रवारपर्यंत अहवाल देतच राहीन' असा लागतो. एखादी गोष्ट त्या दिवसाच्या आत व्हायची असेल तर बाय. त्या दिवसापर्यंत चालू राहायची असेल तर टिल. रजेच्या अर्जात 'टिल मंडे' लिहिलंत तरी सोमवारी येणार की मंगळवारी, असा प्रश्न उरतोच. कोणत्या तारखेला रुजू होणार ते लिहा, म्हणजे पगारातून एक दिवस कापला जाण्याचा वाद उद्भवणार नाही.

'पासून'चंही असंच होतं. 'पाच वर्षांपासून' म्हणताना 'सिन्स फाइव्ह इयर्स' येतं. कालावधी सांगायचा तर फॉर, सुरुवातीचा क्षण सांगायचा तर सिन्स: 'फॉर फाइव्ह इयर्स', पण 'सिन्स २०२०'.

आणखी काही:

- शंका विचारायची असेल तर परदेशी सहकाऱ्याला 'आय हॅव अ डाउट' लिहू नका. त्याला तो अविश्वास वाटतो. 'क्वेश्चन' लिहा.
- 'प्लीज रिव्हर्ट' आपल्याकडे 'उत्तर द्या' या अर्थी रूढ आहे, बाहेर त्याचा अर्थ 'पूर्वस्थितीवर जा' असा होतो. 'रिप्लाय' सगळीकडे चालतो.
- 'बायवीकली' आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा? शब्दकोशात दोन्ही अर्थ आहेत. शब्दच टाळा, वार लिहा.

स्पेलिंगचं म्हणाल, तर 'लूज' (एका 'ओ'चा म्हणजे हरवणं, दोन 'ओ'चा म्हणजे सैल), 'अफेक्ट' (परिणाम करणं) आणि 'इफेक्ट' (परिणाम), 'पर्सनल' (खासगी) आणि 'पर्सोनेल' (कर्मचारीवर्ग) या जोड्या सांभाळल्या तरी कार्यालयातलं बरंचसं काम भागतं. 'अ‍ॅडव्हाइस'मध्ये सी असेल तर तो सल्ला, एस असेल तर सल्ला देणं. 'स्टेशनरी'त ई आली की वह्या-पेनं, ए आली की जागचं न हलणारं. संगणकाच्या तपासनिसावर सगळं सोडू नका. चुकीच्या जागी पडलेला बरोबर स्पेलिंगचा शब्द त्याच्या नजरेतून सहज सुटतो. 'फ्रॉम'च्या जागी 'फॉर्म' गेलेली पत्रं त्यामुळेच बाहेर पडतात.

मराठीत मागण्याचा तुमचा हक्क

- बँकांनी खातं उघडण्याचा अर्ज, भरणा स्लिप, पासबुक असं सामान्य ग्राहकाचं छापील साहित्य इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषा अशा तिन्हींत ठेवावं, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. काउंटरवर 'मराठी फॉर्म संपलेत' असं ऐकलंत तर शाखाधिकाऱ्याला लेखी मागा.
- १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी की फॅक्ट्स स्टेटमेंट देणं बंधनकारक आहे. व्याज, सगळे आकार आणि वर्षाचा एकूण खर्च त्यात एकत्र असतो. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवं, समजावूनही सांगायला हवं. कर्ज सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीचं असेल, तर त्यातल्या अटी किमान तीन कामाचे दिवस कायम राहतात. ते घरी न्या, वाचा, मग ठरवा.
- विमा पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवस फ्री लुकचे. अटी पटल्या नाहीत तर ती परत करता येते. किरकोळ वजावट सोडून पैसे मिळतात.
- सही मराठीत करता येते. ती केल्यावर काही ठिकाणी एक वेगळा कागद पुढे येतो: 'मजकूर मला माझ्या भाषेत समजावून सांगितला व तो मला समजला.' हा कागद सगळ्यात जपून हाताळा. खरोखर समजावून सांगितल्याशिवाय त्यावर सही केलीत, तर पुढे 'मला इंग्रजी कळलं नव्हतं' ही तुमची बाजू लंगडी पडते.

बँकेविरुद्ध तक्रार आधी त्याच बँकेकडे लेखी करा आणि पोचपावतीवर तारखेचा शिक्का घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. तक्रारीत ज्या शब्दावरून वाद झाला तो शब्द, ते पान आणि ती ओळ नेमकी नमूद करा, आणि सही केलेल्या पानाची प्रत सोबत जोडा.